स्पिनर

मंगळवारी दुपारी स्पिनरने फिरायचं सोडलं.
झाकण लावलं, बटण फिरवलं, की नुसतं हुंऽऽ,
उपोषणाला बसलेल्या सरपंचासारखं.

चोपड्याचा मेकॅनिक म्हणाला, शनिवारी येतो.
यायचेच साडेतीनशे, पार्टचे वेगळे.
शनिवारपर्यंत टबात ह्यांचे चार शर्ट
खांद्यावर केळीच्या चिकाचे काळे नकाशे घेऊन
भिजत पडणार होते.

मी आधी पिन काढली.
मग मशीन भिंतीपासून ओढलं,
मागच्या झाकणाचे आठ स्क्रू काढले,
फरशीवर ओळीने ठेवले,
पंगतीला पोरं बसवावीत तसे.

सासूबाई दारात.
"काय करी ऱ्हायनी वं? मोडी टाकशी."
"मोडेलच शे," मी म्हटलं.

आत उंदराचा जुना संसार: चिंध्या, शेंगांची टरफलं.
बोअरच्या पाण्याची पांढरी पपडी.
एक रुपया. दोन हेअरपिना.
अक्षयचा तो मोजा, ज्याच्यावरून
गेल्या जूनमध्ये मी त्याला धपाटा घातला होता.

धरणगावला बापूंचं मोटार भरायचं दुकान होतं.
उन्हाळ्यात रांग लागायची, जळलेल्या मोटारींची,
आणि त्यांच्याहून जास्त तापलेल्या मालकांची.
तांब्याची तार बापू फिरवायचे, वेढे मी मोजायचे.
एकशे बारा, एकशे तेरा.
मध्ये कुणी हाक मारली आणि चुकलं
की सगळं उलगडून पुन्हा एक.
स्टुलावर बसायचं भावाने.
पक्कड धरायची भावाने.
भाऊ आता सुरतला, साड्यांच्या मार्केटात.
त्याला पाना म्हटलं तर पान ऐकू येतं.

बापूंना फोन लावला.
त्यांच्या हाताला आता बशी धरवत नाही,
चहा पेल्यातूनच, तोही अर्धा.
कान मात्र शाबूत.
"आयकाड," म्हणाले.
मी पिन लावली, बटण फिरवलं,
जरा लांब उभी राहून फोन मशीनच्या पाठीकडे धरला.

हुंऽऽऽ.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, रेंज गेली.
मग: "गुनगुनस. मोटर जित्ती शे.
बेरेक धरी बठेल व्हई.
पिन काढ पहिले. कंडेन्सरले हात नको लावू."

झाकणापासून खाली उतरणारी तार
सैल पडून लोंबत होती.
झाकण बंद झालं तरी
ब्रेकचा बूट ड्रम सोडत नव्हता.
म्हणजे हिने ओढायचं, त्याने धरून ठेवायचं,
एकाच टपात, किती दिवस कोण जाणे,
आणि बाहेर आम्ही म्हणायचं, मशीन जुनं झालं.

तार एक भोक पुढे घेतली.
पक्कडीने पीळ दिला. एक. दोन. तीन.
तोंडातल्या तोंडात मोजतेय
हे चौथ्याला लक्षात आलं.

स्पिनर फिरला.
आधी धडधडत, मग एका सुरात,
पाणी भसाभसा मोरीत.
शर्ट निघाले अर्धे सुके, पूर्ण डागाळलेले.
चीक कुणाच्या बापाला जात नाही,
तो कपड्याबरोबरच जातो.

सासूबाईंनी एक शर्ट तारेवर टाकला,
डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.
"चव्वेचाळीस डिग्री शे आज.
पिळी टाकता, तरी दहा मिन्टमा वाळतस.
इतलं कशाले मग?"
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

संध्याकाळी पुन्हा फोन.
बापूंनी झालं का विचारलं नाही,
"आयकाड" एवढंच.
ऐकत राहिले, पूर्ण पाच मिनिटं,
टायमर टर्रर करून थांबेपर्यंत.

मग मी सांगितलं,
झाकण लावलं, पण एक स्क्रू उरना, बापू.
कुठला ते कळत नाही.

"उरू दे," ते म्हणाले.
"मन्हा जोडे डबाभर शेतस."